मिल वाचवून कायले राहिली?

काम झालं की त्याचा एक फोटो होतो. काम होत नाही तेव्हा त्याचे किस्से होतात. आमच्याकडे अजून फोटो एकही नाही, त्यावरून आमचं काम कुठवर आलंय ते ओळखा.

काम म्हणजे एक जुनी राईस मिल वाचवणं. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या गावात, स्टेशनच्या मागे ती उभी आहे. विटांची उंच चिमणी, बॉयलरची खोली, सागवानी कैच्यांवर कवेलू, म्हणजे कौलं, चढवलेलं लांबलचक गोदाम, आणि पुढे दगडी फरशीचं पटांगण. या पटांगणावर एकेकाळी उकडलेलं धान वाळत घालायचे. मिल माझ्या जन्माआधीच बंद पडली.

मी शाळेपासूनच गावाबाहेर. पुढे जुन्या इमारती जपायचं शिक्षण आणखी लांब जाऊन घेतलं, आणि परत आले ती हेच करायचं ठरवून. कागदावर सगळं सोपं होतं. नगर परिषदेनं वारसा यादीत मिलचं नाव घालायचं, हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची, ठराव करायचा. एकदा नाव पक्कं झालं की मिल सहजासहजी पाडता येत नाही. नाही झालं तर तिथे शॉपिंग कॉम्प्लेक्स. त्याचा नकाशा तयार आहे, मी पाहिलाय. खाली दुकानं, वर मंगल कार्यालय.

*

पहिल्याच दिवशी मी मिलचं मोजमाप घ्यायला गेले. फाटकाच्या आत भिंतीवर एक पत्र्याची पाटी होती, गंजलेली, पण वाचता येत होती: 'धानावर जोडे-चपला घालून चढू नये.' मी भारावले. बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी पटांगणात उतरले.

मिलचे मालक शेठजी ऑफिसच्या खोलीत गादीवर बसले होते. वय ऐंशीच्या घरात. मिल बंद आहे, तरी ते रोज सकाळी येतात, गादी झटकतात, पेपर वाचतात आणि जेवणाच्या वेळी घरी जातात. ते बाहेर आले. पायात चामडी मोजड्या, त्याही करकर वाजणाऱ्या. पटांगणाच्या बरोबर मधून चालत माझ्यापर्यंत आले आणि माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "पहन लो बेटा. अब यहाँ धान नहीं, धूल है."

मी त्यांना सांगितलं की मी मिल वाचवायला आलेय. त्यांनी मला चहा पाजला. चहा संपल्यावर शांतपणे म्हणाले की त्यांची मुलं रायपूरला असतात, मुलांना मिल विकून टाकायची आहे, आणि माझ्या कामाला त्यांचा पूर्ण विरोध राहील.

"लेकिन आते रहना," म्हणाले. "कोई आता नहीं."

*

मग आम्ही समिती काढली. अध्यक्ष गुरुजी. गुरुजी म्हणजे हायस्कूलचे निवृत्त चित्रकला शिक्षक. निम्मे नगरसेवक त्यांच्या हातचा मार खाऊन मोठे झालेले, म्हणून त्यांना अध्यक्ष केलं. ते नगरसेवक अजून त्यांना घाबरतील असा माझा हिशेब होता. ते घाबरायचे, म्हणून आम्हाला पाहिलं की दुसऱ्या गल्लीनं जायचे.

पहिली जाहीर सभा समाज मंदिरात ठेवली. मी स्लाइड्स दाखवल्या. परदेशातल्या जुन्या गिरण्या, त्यांत केलेली संग्रहालयं, ग्रंथालयं, कॉफी शॉप. लोक शांतपणे बघत होते. मला वाटलं, जिंकलो.

मागच्या रांगेतून एक शेतकरी उठला. "म्हंजे मिल चालू होनार काय?"

मी म्हटलं, चालू नाही होणार, पण इमारत जशी आहे तशी राहील.

"जशी आहे तशी तं आताच आहे," तो म्हणाला. "मंग वाचवून कायले राहिली?"

त्यानं टोमणा मारला नव्हता. कशाला वाचवायची, हे त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तर मी अजून शोधतेय.

*

त्याच सभेत सगुणाबाई भेटली. भाजी विकते. तरुणपणी त्या पटांगणात कामाला होती. मला वाटलं, आमच्या समितीला हवी तीच व्यक्ती मिळाली. आठवणी सांगेल, लोकांचे डोळे पाणावतील. मी तिला माइक दिला.

तिनं माइक हातात घेऊन सांगितलं, "पाडा. आजच पाडा."

सभा संपल्यावर मी तिला विचारलं, काऊन? तिनं सांगितलं. उकडलेलं गरम धान फरशीवर पसरायचं आणि ऐन उन्हात अनवाणी पायांनी फिरवत राहायचं. खालून फरशी तापलेली, वरून ऊन. धानावर चप्पल चालायची नाही. शेठजी सावलीत उभे राहून बघायचे, आणि आभाळ आलं की त्यांची एकच हाक यायची. मग पोर दूध पीत असो की हातात भाकर असो, धावायचं.

"तुमी इमारत वाचवून राहिल्या," ती म्हणाली. "माहे पाय कोनं वाचवले, बाई?"

मी तिला समितीत घेतलं. म्हणजे ती स्वतःच आली. तेव्हापासून आमची एकही मीटिंग तिनं चुकवलेली नाही. मिल पाडायच्या बाजूनं असलेली आमची ती एकमेव सभासद. एकदा गुरुजींनी विचारलं, पाडायचीच आहे तर येतेस कशाला? ती म्हणाली, "पाडतील तवा मले दिसलं पायजे. तुमाले आधी समजन ना!"

*

नगर परिषदेच्या बांधकाम विभागात भोजराजभाऊ आहेत. मनानं फार चांगले. माझा अर्ज त्यांच्या टेबलावर इतके महिने होता की त्यावर चहाच्या कपाचे ठसे एकात एक गुंफून नक्षी झाली होती. अडचण खरी होती. वारसा यादी नावाची चीज आमच्या नगर परिषदेत आधी कोणी केलीच नव्हती, मग नाव घालणार कुठे?

एक दिवस त्यांचा फोन आला. आवाजात आनंद. "म्याडम, काम झालं. नाव यादीत घातलं."

मी पेढे घेऊन गेले. पेढा तोंडात टाकून त्यांनी यादी दाखवली. धोकादायक इमारतींची यादी!

मी डोकं धरून बसले. भोजराजभाऊ समजावत होते की नगर परिषदेत हीच एक यादी साहेब लोक रोज बघतात, निदान नजरेत तर राहील. आठवड्याभरात मिल पाडून टाकण्याची नोटीस निघाली. ती घेऊन शेठजी माझ्याकडे आले, हात जोडून म्हणाले, "बेटा, इतनी मदद मेरे लड़कों ने भी नहीं की."

ते नाव तिथून काढायला जेवढी धावपळ झाली, तेवढ्यात एखादा पूल बांधून झाला असता.

*

मुख्याधिकारी साहेब पहिल्यांदा मिल पाहायला येणार होते तेव्हाची गोष्ट. मी त्यांच्यासाठी टिपण केलं होतं. त्यात सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा दर्शनी भिंतीचा होता. जुना चुन्याचा गिलावा, एवढ्या पावसाळ्यांनंतरही एक तडा नाही, असा गिलावा आता जिल्ह्यात बघायला मिळत नाही.

आदल्या दिवशी मी गोंदियाला गेले होते. परत येऊन पाहते तर भिंत निळी. ऑइल पेंट. त्यावर उगवता सूर्य, धानाच्या लोंब्या, एक पोपट, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'वारसा जपा'. चिमणीलाही पांढरा चुना दिलेला, शिडी पोहोचली तिथपर्यंत.

गुरुजी शिडीवरून उतरत होते. हाताला निळा रंग, चेहऱ्यावर समाधान. "घरी पाहुना येऊन राहिला," म्हणाले, "आन् आपन भिंती तशाच ठेवाच्या काय?"

ते दिवसभर उन्हात उभे होते. त्या वयात. मी म्हटलं, छान झालंय गुरुजी.

साहेब आले. गिलाव्याचा मुद्दा मी गाळला. साहेबांनी पोपटाशेजारी उभं राहून सेल्फी काढला आणि पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली. चिमणी अजूनही निम्मीच पांढरी आहे.

*

मधल्या काळात आईनं माझ्यासाठी एक स्थळ आणलं. आमगावचे लोक. मुलाच्या वडिलांनी विचारलं, मुलगी काय करते? जुनी मिल वाचवते हे सांगायची आईला लाज वाटली. ती म्हणाली, नगर परिषदेत असते.

"पर्मनंट आहे काय?"

आई म्हणाली, "अजून तरी सुटायचं चिन्ह दिसत नाही."

*

साहेब बदलले की आमची फाइल पहिल्या पानावर येते. दुसरे साहेब आले, त्यांना सगळं सांगितलं, त्यांना पटलं, ते गेले. तिसरे आले. तरुण, स्वच्छ इस्तरीचे, चकचकीत काळे बूट. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "यात तुमचा स्वतःचा काय फायदा?" आधी मी अशा प्रश्नावर भाषण द्यायचे. आता चहा पिते.

पण या तिसऱ्या साहेबांनी एक केलं. मसुदा यादी काढली, तिच्यात मिलचं नाव घातलं आणि हरकतींची सुनावणी लावली. तीही जागेवरच, मिलच्या पटांगणात. हरकत एकच होती, शेठजींची. ती मान्य झाली की नाव यादीतून जाणार आणि कॉम्प्लेक्सचा रस्ता मोकळा.

*

सुनावणी दिवाळीनंतर आली. तेव्हा धान निघालेलं असतं आणि खरेदी केंद्रावर ओलं धान घेत नाहीत, म्हणून लोक मिळेल तिथे वाळवतात. रस्त्यावर, शाळेच्या मैदानात, आणि मिलच्या या पटांगणात. आजूबाजूचे शेतकरी दरवर्षी इथे धान टाकतात. शेठजी त्या दिवसांत रायपूरला जातात आणि आपल्याला हे काही माहीतच नाही असं सांगतात. या वेळी सुनावणीमुळे ते गावातच होते.

पटांगणभर धान पसरलेलं होतं. साहेबांनी विचारलं, हे कोणाचं? शेठजी म्हणाले, "मुझे नहीं मालूम," आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. कडेच्या ओट्यावर खुर्च्या टाकल्या होत्या. गुरुजी होते, सगुणाबाई चहाचा कप घेऊन खाली बसली होती, भोजराजभाऊ लिहून घेत होते.

आधी मी बोलले. माझं बोलणं मला पाठ होतं, आणि बाकीच्यांनाही. नाव जाणार हे मला जवळजवळ कळून चुकलं होतं. एवढ्या वर्षांनी माणूस थकतो, आणि थकल्यावर निकाल लवकर लागावा एवढीच इच्छा उरते.

मग शेठजी उठले. रायपूरच्या वकिलानं लिहून दिलेला कागद त्यांनी डोळ्यांजवळ धरला आणि अडखळत मराठीतून वाचायला लागले. "सदर इमारत अनेक वर्षांपासून बंद आहे. सदर इमारत मोडकळीस आलेली असून ती कोणाच्याही..."

आणि थांबले. आम्हाला वाटलं, अक्षर लागत नसेल. ते कागदाच्या वरून आभाळाकडे बघत होते. पश्चिमेकडून काळे ढग चढत होते. दिवाळीनंतर कोणी आभाळाकडे बघत नाही.

"धान!"

एवढंच. पण तो आवाज त्या म्हाताऱ्या छातीतून आला यावर माझा अजून विश्वास बसत नाही. पलीकडच्या रस्त्यावरची माणसं थांबली. "सगुणा! फळी ला!"

शेठजींना तिचं नाव आठवतं हे मला माहीत नव्हतं. तिलाही नसावं. कप तिथेच पडला. मिल पडलेली पाहायला आलेली सगुणाबाई सगळ्यांच्या आधी, लुगडं खोचून, अनवाणी पटांगणात होती. पाठोपाठ ज्यांचं धान होतं ते शेतकरी, गुरुजी, मी. कोणी फळीनं ओढतंय, कोणी टोपल्यांनी, कोणी नुसत्या हातांनी. भोजराजभाऊंनी फाइल खुर्चीवर ठेवून ताडपत्रीचं टोक धरलं. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, ते मुख्याधिकारी साहेबांनी धरलं. शेठजी मधोमध उभे राहून उताराच्या बाजूला हातवारे करत होते. उधर से, उधर से, पहले ढाल की तरफ से!

शेवटचं टोपलं आत गेलं आणि पाऊस कोसळला.

आम्ही सगळे गोदामात. समोर सगळ्यांचं धान एकत्र झालेला ढीग, आमच्या पायांखालपर्यंत पसरलेला, कोणाचं कुठलं ते आता देवालाच माहीत. कवेलूवर पाऊस वाजत होता. गुरुजींनी वर पाहिलं, मीही पाहिलं. एक थेंब आत येत नव्हता.

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. भोजराजभाऊंनी शर्टाच्या आत धरून आणलेली फाइल उघडून दिली.

"शेठजी, तुमचं वाक्य अर्धंच राहिलं," साहेब म्हणाले. "इमारत कोणाच्याही उपयोगाची नाही, असंच लिहायचं ना?"

शेठजी साहेबांच्या पायांकडे बघत होते.

"लिखना बाद में," ते म्हणाले. "पहले जूते उतारो, साहब. धान पे खड़े हो."

साहेबांनी बूट काढले. भोजराजभाऊंनी पेन खिशाला लावलं आणि चपला काढल्या. सगुणाबाई बघत होती. मग शेठजींनी आपल्या पायांकडे पाहिलं, भिंतीला हात टेकला, आणि एक एक करून मोजड्या काढल्या.