दोरीवरचे दोन लंगोट

माझी लेक पहिले पाच दिवस जवळजवळ रडलीच नाही, आणि आम्ही सगळे त्याचं कौतुक करत बसलो होतो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बाळंतपणाला मी माहेरी, अलिबागजवळ थळला आले होते. मे महिना चालू होता. लेक तीन आठवडे आधीच झाली, चणीनं लहानखुरी. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो तर आईनं खोलीची खिडकी बंद करून ठेवलेली, वारा लागू नये म्हणून. बाजेखाली शेगडी. बाळाला झबलं, टोपडं आणि वरून दोन दुपटी. मी घामानं निथळत होते. जरा कुरकुर केली की आई म्हणायची, "सोस थोडं. म्हातारपणी कंबर धरली नाही ना, की माझी आठवण काढशील."

पोरीला छातीशी धरली की ती दोन घोट ओढायची आणि झोपून जायची. मला दूधही अजून नीट उतरलं नव्हतं. पण ती रडत नाही म्हणजे पोट भरलं असणार, असं आमचं गणित. बघायला येणारी प्रत्येक बाई "किती गुणी ग पोर!" म्हणायची आणि तिची पाठ वळली की आई मीठमोहऱ्या उतरवायची. मी शाळेत विज्ञान शिकवते. माणसाच्या शरीरात पाणी किती असतं हा धडा मला तोंडपाठ आहे. तर असं ते शिक्षण!

पाचवी पुजली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमची नेहमीची कोळीण मागच्या दारी आली. माझ्या जन्माआधीपासून ती आमच्याकडे मासळी घालते. पाटी उतरवता उतरवता तिची नजर अंगणातल्या दोरीवर गेली.

"वहिनी, बालंतिनीच्या घरात दोनच लंगोट? बाकीचं कुठं हायत?"

"तेवढेच भिजले," आई अभिमानानं म्हणाली. "एक कालचा, एक आजचा पहाटेचा. भारी शहाणी आहे पोर."

कोळणीनं पाटी तिथंच ठेवली. मोरीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि न विचारता खोलीत आली. पोरीच्या डोक्यावरचं टोपडं काढलं, टाळूवर बोट ठेवलं, ओठ जरासे उघडून आत पाहिलं.

"टालू बसलीय हिची. तोंड बघ कसं सुकलंय. बाय, ऊठ, डाक्टरकडं ने हिला. माजी एक अशीच निजून निजून गेली. आमी पन शानी म्हनत व्हतो."

मी पोरीला तशीच उचलली आणि आईला घेऊन निघाले. रिक्षा मिळून अलिबागला पोचेपर्यंत मी पोरीचे तळवे चोळत होते, आणि ती डोळे उघडत नव्हती. वाटेत माझा तोल सुटला. "तुझ्या शेगडीनं मारलंस माझ्या पोरीला," मी आईला म्हणाले. रिक्षावाल्यानंसुद्धा मागे वळून पाहिलं. आईनं एकेक दुपटं सोडवलं आणि घडी करून मांडीवर ठेवलं.

डॉक्टरांनी वजन केलं. जन्माच्या वजनापेक्षा ते बरंच उतरलं होतं. बाळाच्या अंगातलं पाणी खूप कमी झालंय, सलाईननं हळूहळू भरून काढू, म्हणाले. मी शेगडीचं सांगायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. उकाडा होताच, पण बाळ आधी जन्मलेलं, ओढायची ताकद कमी, त्यात तुमचं पहिलंच बाळंतपण, दूध उशिरा आलं. अशी मुलं भूक लागली तरी मागत नाहीत, झोपून राहतात. त्यांना दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं असतं, आणि लंगोट मोजायचे असतात.

म्हणजे माझाही वाटा होताच की. मोजले तर मीही नव्हते.

दोन दिवस सलाईन चाललं. मी दूध काढून द्यायचे, नर्स वाटी-चमच्यानं पाजायची. आई दाराबाहेरच्या बाकावर बसून असायची. आत ये म्हटलं तर म्हणायची, "माझा हात नको लागायला." बाळाला स्पर्शही करेना. मला तिचा राग यायचा आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटायची.

तिसऱ्या दिवशी सलाईन काढलं. पोरगी चक्क भोकाड पसरून रडली, पोटभर प्यायली. मी तिला घेऊन बाहेर आले.

"आई, रिक्षात बोलले ते चुकलं माझं."

"खोटं कुठं बोललीस?" ती खाली मान घालून म्हणाली.

मी पोरीला तिच्या मांडीवर ठेवून दिली. आईनं हात आखडते घेतले, मग भीत भीत तिच्या पाठीखाली सरकवले. तेवढ्यात पोरीनं धार सोडली. आईचं नेसतं पातळ भिजलं, बाकावरून ओघळ खाली आला. मी दचकून तिला उचलायला वाकले, तर आईनं माझा हात बाजूला केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"थांब ग," ती म्हणाली, "अजून करतेय ती."