म्या माझ्याच लेकाचं नाव सांगितलं

"मार त्याला. आमच्यासमोर मार."

होस्टेलचे मालक खुर्चीत बसून म्हनले. समदे त्यांना सर म्हनायचे. माझे हात पिठानं भरलेले. लातुरात त्यांच्याच मेसमधी मी पोळ्या करायची, क्लाससाठी आलेल्या पोरांच्या. हातबी धुऊ दिले न्हाईत, तशीच बोलावली.

समोर माझा लेक उभा. आकाश. पंधरा वर्सांचा. शाळा सुटली की होस्टेलच्या खोल्यांमधी डबे पोचवायचा. त्याच्या डब्याच्या पिशवीत पोरांचे चोरलेले दोन मोबाइल सापडले. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या.

बाजूला सोफ्यावर दोन पोरं बसलेली. एक निलंग्याच्या डॉक्टरचा. दुसरा अहमदपूरच्या मोंढ्यातल्या, धान्याच्या बाजारातल्या अडत्याचा. दोघांचे डोळे माझ्या लेकासारखेच जड, तांबडे. शेजारी त्यांच्या माया, मागच्या खुर्चीवर अडत्या. एकीचा हात पोराच्या पाठीवर. त्यांना कुनी मारा म्हनलं न्हाई.

म्या मारलं. एकदा. मंग अजून एकदा. पीठ त्याच्या गालाला लागलं. तो रडला न्हाई, नुसता बघत राहिला. नशेतलं लेकरूबी वळखतं, आपली माय कुनाच्या सांगन्यावरून मारून राहिली ते.

डॉक्टरीनबाई म्हनल्या, "यांच्या वस्तीत हेच चालतं. आमची लेकरं बिघडवली यानं."

माझा नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामाला. तंबाखूबी खात न्हाई.  

सरांनी कागद पुढं सरकवला. "पोलिसात जायचं नाही. होस्टेलचं नाव जातं. सही कर, याला घेऊन घरी जा. येत नसेल तर अंगठा दे."

मला वाचता येतं. जळकोटला सातवीपर्यंत शिकले मी. बोट ठेवून पुरा कागद वाचला. लई येळ लागला. वाचू द्या म्हनलं. औषध माझ्या लेकानं आनलं, चोरी त्यानं एकट्यानं केली, असं लिहिलं होतं.

म्या आकाशला इचारलं, "कोन कोन होतं? खरं सांग."

 त्यानं सोफ्यावरच्या दोघांकडं बोट केलं.

"पहिली बाटली यांनीच दिली, माय. यांच्याच खोलीत. मंग रोजच लागायली. न्हाई भेटली तर हातपाय कापायचे. मोबाइल मीच उचलले. कोन्या खोलीतले उचलायचे ते हे सांगायचे. इकायचेबी हेच."

"खोटारडं हाय!" अडत्या उठला. पन त्याचंच पोरगं हुंदके द्यायला लागलं. कायतरी बोलनार होतं. त्याच्या मायनं तोंडावर हात ठेवला.

माझ्याबी घरात बाटली सापडली होती, दोन महिन्यांमागं. खोकला हाय म्हनला. म्या हळदीचं दूध दिलं. रोज रातीला देत राहिले. 

म्या कागद टेबलावर ठेवला. "सही करत न्हाई. माझ्या लेकानं चोरी केली. एकट्यानं न्हाई केली."

त्याचा हात धरला अन् सरळ पोलिस ठेसनात नेला. वाटंत तो माझ्या पदराला झोंबत होता. "माय, घरी जाऊ. पुन्हा न्हाई पेनार. माय, नको." लहानपनी सुईला भ्यायचा, तसा. म्या थांबले न्हाई. तिथं तीन नावं सांगितली. पहिलं माझ्या लेकाचं.

ती दोन पोरं सांज व्हायच्या आत आपापल्या गावाला गेली. नावं कागदावर हायत, पोरं घरी हायत. आकाशला मात्र बाल न्याय मंडळानं निरीक्षणगृहात ठेवलं. घरी सोडला तर पुन्हा नशेला लागंल म्हनले. ते खरंच होतं. पन ते त्या दोघांबद्दलबी खरं होतं.

माझं काम गेलं. लातुरात दुसऱ्या कोन्या मेसनं ठेवलं न्हाई. आता नांदेडला बहिनीकडं राहते, मंगल कार्यालयात भांडी घासते. भेटीच्या दिवशी येष्टीनं जाते. दोन भेटी तो बोललाच न्हाई. तिसऱ्या भेटीत म्हनला, "तू सही केली असतीस तर मी आज घरी असतो."

 येताना येष्टीत तोंडात पदर कोंबला. शेजारची बाई इचारायली, कोनी गेलं काय? म्या मान हालवली. हाव म्हनले का न्हाई, माझं मलाच कळलं न्हाई.

मागल्या आठवड्यात सरांचा मानूस बहिनीच्या दारात आला. त्या दोघांची नावं मागं घे, तुझ्या पोराला लवकर सोडवू म्हनला. म्या त्याला उंबऱ्याच्या आत घेतला न्हाई.

मंडळाच्या पुढच्या तारखेला मी जानार हाय. लेक जलमभर बोलला न्हाई तरी जानार. मला त्या पोरांचं वाटोळं नको. त्यांचीबी नशा सुटली पाहिजे. पन चोर म्हनायचं तर तिघांना म्हना. आजारी म्हनायचं तर तिघांना म्हना. तवर मी तिथून हालनार न्हाई.