शेवटचा शहा, मुक्काम मुकुंदवाडी

आमच्या मुकुंदवाडीच्या नाट्यमंडळात तालमीला माणसं वेळेवर येत नाहीत, किस्से मात्र न चुकता येतात. मी विंगेतला प्रॉम्प्टर, त्यामुळं सगळे माझ्याच पदरात पडतात!

यंदाचं स्पर्धेचं नाटक इराणच्या बुडत्या सफवी घराण्यातल्या शहावर. दरबाऱ्यांनी काहीही सुचवलं तरी "छान, छान!" म्हणणारा भला माणूस. अफगाणांनी राजधानीला वेढा घातला, लोक उपाशी मरू लागले, तेव्हा यानं आपल्याच हातानं मुकुट काढून शत्रूच्या डोक्यावर ठेवला.

शहा अर्थातच भानुदासकाका. मंडळ त्यांनी काढलं, त्यामुळं प्रत्येक नाटकात राजा तेच. आणि आमच्याकडं रिवाज असा, की जो राजा, त्यानंच तालमीत सगळ्यांना चहा सांगायचा!

*

काका भूमिकेत शिरले ते घरीसुद्धा बाहेर येईनात. पोरगं म्हणालं, "मित्रांसोबत गोव्याला जाऊ?" काका म्हणाले, "छान!" काकूंनी विचारलं, "दरवेळी वेरूळच कशाला? यंदा काशीला जाऊ?" "छान, छान!"

काकूंचा लगेच मला फोन. "नाटक संपलं तरी ह्यांना शहाच राहू द्या. लई गुणाचे झालेत!"

*

वेढ्याचा प्रवेश. राजधानीत अन्नाचा कण नाही, बेगम हुंदके देतेय, आणि शहानं दिला दणदणीत ढेकर! काका येताना नान आणि मटणाचा खलिया हाणून आले होते.

अफगाण सरदार झालेल्या शिरीष कुलकर्णीनं हात जोडले. "काका, असंच चाललं तर मला वेढा उठवून घरी जावं लागंल!"

"जा की," काका म्हणाले, "चहा घेऊन जा."

*

खरी पंचाईत शेवटच्या प्रवेशाची. काका मुकुट काढायचे, हातात धरायचे, आणि तसाच परत डोक्यावर! "आज नाय. प्रयोगाला देतो."

त्याला कारण होतं. हे नाटक झालं की मंडळाचा कारभार शिरीषनं बघायचा, असं काकांनीच जाहीर केलं होतं. म्हणून त्यांचा हात अडला की आम्हीही घाई करायचो नाही. पण मुकुट दिलाच नाही तर पडदा कसा पाडायचा?

शिरीष म्हणाला, "हिसकावून घेऊ का?"

बेगम खवळली. "हात तर लावून बघ!"

*

स्पर्धेचा दिवस. थिएटर भरलेलं, पहिल्या रांगेत परीक्षक. काकांनी मुकुट काढला आणि थांबले. मी विंगेतून कुजबुजलो, "काका, द्या!" काका हलेनात. त्यांचे डोळे भरून आलेले. ते बघून शिरीष अफगाणी ऐट विसरला आणि काकांपुढं मान खाली घालून उभा राहिला.

काकांनी मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला. जरा वाकडा बसला होता, तो सरळ केला. मग कॉलरचा माइक चालू आहे हे विसरून म्हणाले,

"पोरा, आता चहा तू सांगायचा. माझा बिनसाखरेचा!"