बारा सुइणी, एक रोल

“यातली हौसाबाई कोणती?” मॅडमनी विचारलं.

टेबलावर बारा फोटो मांडले होते. मी वाकून बघितलं. मलाही सांगता येईना. बारा बायका भर उन्हात उभ्या होत्या. बहुतेकींच्या पदराखाली एक काळा डाग होता, आणि त्या डागात चेहरा असावा असा आपला अंदाज करायचा. दोघींचे पदर जरा मागे सरकले होते. त्यांचे चेहरे दिसत होते, पण डोळे गच्च मिटलेले.

“ही असावी,” मी एका फोटोवर बोट ठेवलं.

“असावी? कार्डावर ‘असावी’ असं लिहू का मी?”

मी गप्प बसले. मला ते चांगलं जमतं.

एकाहत्तर साली मी नगरच्या एका आरोग्य केंद्रात टायपिस्ट म्हणून लागले. मॅडम तिथल्या प्रमुख. केंद्र खेड्यातल्या सुइणींना शिकवायचं. हात कसे धुवायचे, कात्री किती वेळ उकळायची, कोणत्या बाईला लगेच दवाखान्यात न्यायचं, अशा गोष्टी. परीक्षा तोंडी असे. पास होणारीला एक पेटी मिळे. पेटीत कात्री, दोरा, साबण, ब्रश आणि उकळायचं भांडं. पण पेटी घ्यायची तर फोटोचं कार्ड हवं, हा वरून आलेला नियम होता. ज्यांची कार्डं नसतील त्यांच्या पेट्या दुसऱ्या तालुक्याला जाणार होत्या. तिकडची यादी तयारच होती.

श्रीगोंदा तालुक्यातल्या बारा जणी पास झाल्या होत्या. त्यांना आधी एका फोटोवाल्याकडे पाठवायचं ठरलं होतं. काळ्या पडद्यामागे परक्या माणसासमोर एकटीने बसायचं म्हटल्यावर बहुतेकींच्या घरून नकार आला. उरलेल्या दोघींनी स्वतःच नको म्हटलं. मग मॅडमना आठवलं की ऑफिसच्या कपाटात कुणीतरी भेट दिलेला एक छोटा कॅमेरा आहे.

“पुस्तक इंग्रजीत आहे,” मॅडम मला म्हणाल्या. “तू कॉन्व्हेंटची. वाच आणि जा.”

मला ‘नाही’ म्हणायला वेळ लागतो. तेवढ्यात मॅडम पुढच्या खोलीत गेल्या होत्या.

कॅमेरा अगदी साधा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. वर एक खटका, त्याच्या एका बाजूला सूर्याचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला ढगाचं. ऊन असेल तर सूर्य, नसेल तर ढग. भिंग मागेपुढे होत नाही, म्हणून सहा फुटांच्या आत उभं राहायचं नाही, चेहरा धूसर येतो. आणि पुस्तकात जाड अक्षरात छापलेलं: सूर्य नेहमी फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा.

मी सगळं पाळलं होतं. काष्टीच्या बाजारच्या दिवशी बाराही जणी एका ठिकाणी सापडतात म्हणून एसटीने काष्टीला गेले. सूर्य पाठीशी घेतला. खटका सूर्यावर ठेवला. बारा बायका, बारा फोटो. आणि त्यातून हे आलं.

“हौसाबाईची पेटी जाऊन चालणार नाही,” मॅडम म्हणाल्या. आवाज आता रागाचा नव्हता. “गेल्या वर्षी तिच्या हातचं एक मूल धनुर्वाताने गेलं. नाळ घरातल्या विळ्याने कापली होती. तेव्हापासून ती कात्री मागते आहे. पन्नाशीची बाई, रोज वर्गात सगळ्यांच्या पुढे येऊन बसायची.”

पेट्यांच्या वाटपाच्या आधी काष्टीचा एकच बाजार उरला होता. कपाटात रोलही एकच होता.

फोटो धुऊन देणारे सलीमचाचा माळीवाड्यात बसत. मी ते बारा फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले आणि काय चुकलं ते विचारलं. त्यांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेला.

“फोटो चांगले आहेत, बेटी.”

“खरंच?”

“बाजाराचे. गाडी आली, बैल आला, कांद्याचा ढीग आला. बायका मात्र तुरीच्या दाण्याएवढ्या. इतक्या लांब का उभी राहिलीस?”

“सहा फूट लिहिलं होतं.”

“हे पंधरा फूट आहेत.”

ते बरोबर होतं. अनोळखी माणसाच्या जवळ जाऊन त्याच्या तोंडाकडे बघत राहणं मला जमत नाही. एकेक पाऊल मागे सरत मी पंधरा फुटांवर गेले असणार. चाचांनी खणातून सुतळी काढली, सात फूट मोजली आणि तोडून माझ्या हातात दिली.

“एक टोक तिच्या हातात, एक तुझ्या. सुतळी ताणली की थांब. पुढे नाही, मागे नाही. आणि सकाळी लवकर काढ. खालून येणारं ऊन पदराच्या आत जातं.”

“त्या अकराशिवाय येत नाहीत. धारा, भाकऱ्या, मग एसटी.”

“मग पदर मागे घ्यायला सांग.”

“बाजारात? सासरचे लोक असतात.”

चाचांनी चष्मा काढून पुसला. “मग अल्ला मालिक,” म्हणाले.

पुढच्या बाजारी अकरा वाजता मी मराठी शाळेच्या अंगणात उभी होते. शाळेला नुकताच चुना दिला होता. पलीकडेच बाजार भरलेला. एकेक करत बायका जमल्या. एकमेकींच्या पिशव्यांत डोकावणं झालं, मिरच्यांच्या भावावर बोलून झालं. हौसाबाई सगळ्यांत शेवटी आली. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू.

“पुन्यांदा काढायचा व्हय गं पोरी? मागला कुटं गेला?”

“मागचे नीट आले नाहीत. आपण जरा इथे उभ्या राहता का?”

“आमाला आपन म्हनती!” रखमाबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. रखमाबाई त्यांच्यातली सर्वांत तरुण आणि सर्वांत तोंडाळ. “हौसाआक्का, हुबं ऱ्हावा की आपन!”

मी सुतळीचं एक टोक हौसाबाईच्या हातात दिलं. तिने सुतळी बघितली, मला बघितलं.

“नाळ हाय का काय ही?”

यावर इतका हशा झाला की कांदे विकणारी बाई दुकान सोडून बघायला आली. मलाही हसू आलं. सुतळी ताणली आणि सात फुटांवरून मी पहिल्यांदाच हौसाबाईचा चेहरा नीट बघितला. म्हणजे बघायला गेले. पदराची सावली थेट ओठांपर्यंत आली होती.

“पदर थोडा मागे घेता येईल?”

“न्हाई बाई. त्यो बघ, चुलतसासरा बसलाय गूळ घिऊन.”

चुलतसासरा खरंच गुळाच्या ढेपांमागे बसला होता आणि आमच्याकडेच बघत होता.

“मग मान वर करा.”

हौसाबाईने मान वर केली. ऊन डोळ्यांत गेलं, डोळे मिटले, सगळा चेहरा सुरकुतला. मी कॅमेरा खाली घेतला. बारातला एक फोटोही वाया घालवायची सोय नव्हती.

“आन म्या एकटीचा काढनार न्हाई,” हौसाबाई म्हणाली.

“म्हणजे?”

“लेकरू घिऊन काढ. नुसत्या थोबाडावरनं काय कळतंय? म्या सुईन हाय का मास्तरीन हाय?”

“कार्डावर एकटीचाच चेहरा लागतो. नियम आहे.”

“नेम करनाऱ्याला कुनी काढलंय पोटातनं? आमच्यातल्याच कुनीतरी ना?”

“व्हय, लेकरू पायजेच,” रखमाबाई म्हणाली. मग बाकीच्याही म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत हौसाबाईने वळून कांदेवालीच्या कडेवरची पोर घेतली. चार महिन्यांची मुलगी, डोक्यावर लाल टोपरं. हौसाबाईनेच बाळंतपण केलेली.

“अगं माझी पोर!” कांदेवाली म्हणाली.

“तुझीच हाय. खाती का काय म्या?”

पोरीच्या तोंडावर ऊन आलं आणि ती किंचाळली. हौसाबाईने विचारही केला नाही. उन्हाकडे पाठ केली, पदराचा आडोसा धरला आणि तोंड शाळेच्या भिंतीकडे केलं.

मी बाजूलाच उभी होते. आणि मला तिचा चेहरा दिसला. पूर्ण. चुन्याच्या भिंतीवर ऊन पडलं होतं, आणि तो उजेड परत फिरून तिच्या पदराखाली शिरला होता. कपाळावरचं कुंकू, हनुवटीवरचं गोंदण, पोरीकडे बघणारे उघडे डोळे. कुठे सावली नाही की कुठे मिटणं नाही.

असा फोटो काढायचा तर मला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागणार होतं. म्हणजे सूर्य माझ्या समोर. पुस्तकाच्या बरोबर उलट. शाळेत मी कधी पुस्तकाच्या उलट काही केलं नव्हतं. घरीही नाही. मी कॅमेरा हातात धरून नुसती उभी राहिले. चुकलं असतं तर बारा पेट्या गेल्या असत्या, आणि पुढच्या पावसाळ्यातही हौसाबाईला कुणाच्या तरी घरातला विळाच हातात घ्यावा लागला असता.

“काढती का न्हाई? पोर वल्ली झाली,” हौसाबाई म्हणाली.

मी भिंतीला पाठ लावली. भिंगावर ऊन येऊ नये म्हणून काहीतरी आडोसा हवा होता. इकडेतिकडे बघितलं.

“रखमाबाई, ते सूप धरता का माझ्या डोक्यावर?”

बाजारातून घेतलेलं नवं सूप तिने माझ्या डोक्यावर धरलं. “नवरी दिसती गं,” म्हणाली. मी खटका ढगावर सरकवला. आकाशात एक ढग नव्हता, पण हौसाबाईचा चेहरा सावलीत होता, आणि फोटो चेहऱ्याचा होता. सुतळी ताणली. श्वास रोखला.

“इकडे बघा.”

पोरीवरची नजर तशीच वर आली. मी बटण दाबलं.

त्यानंतर सगळ्यांनाच लेकरू हवं झालं आणि शाळेजवळ तेव्हा लेकरू एकच होतं. ती पोर एका हातातून दुसऱ्या हातात जात बारा जणींकडे फिरली. सातव्या जणीपर्यंत ती झोपली. दहावीपर्यंत कांदेवाली दोनदा येऊन गेली.

“अवं, पोर द्या माझी! गिऱ्हाईक खोळंबलंय!”

“थांब की. सरकारी काम हाय,” रखमाबाईने तिला सांगितलं.

रोल चाचांकडे दिला आणि दोन दिवस मी नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर चाचांनी बारा फोटो काउंटरवर मांडले. बारा चेहरे होते. बारा बायका होत्या, आणि प्रत्येकीचे डोळे उघडे.

“सूर्याकडे तोंड करून काढलेस?”

“हो.”

“कुणी शिकवलं?”

“हौसाबाईने,” मी म्हणाले. चाचांना वाटलं, असेल कुणी नगरची फोटोग्राफर.

त्यांनी चेहऱ्याभोवती कापून कार्डाच्या मापाचे फोटो करून दिले. प्रत्येक फोटोत खालच्या कोपऱ्यात एक टोपरं उरलंच. ते कापायला गेलं तर हनुवटी जात होती. मॅडमनी फोटो एकापाठोपाठ एक बघितले. चौथ्या फोटोला थांबल्या.

“बारा सुइणी आणि एकच मूल?”

“हो, मॅडम.”

“नियम एकटीच्या फोटोचा आहे.”

“टोपरं फार छोटं आहे, मॅडम.” ऑफिसात आपण होऊन मी बोललेलं ते बहुधा पहिलं वाक्य.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग ऑफिसचा गोल शिक्का घेतला. तो फोटोच्या कोपऱ्यावर मारावाच लागतो, नाहीतर फोटो बदलता येतो. त्यांनी नेम धरून तो बरोबर टोपऱ्यावर मारला. बारा वेळा.

वाटपाच्या दिवशी वरच्या ऑफिसचे साहेब आले होते. त्यांनी प्रत्येक कार्ड चेहऱ्याशी ताडून बघितलं आणि पेटी दिली. हौसाबाईने पेटी तिथेच जमिनीवर बसून उघडली. बाकी कशाला हात लावला नाही. कात्री काढली, उघडझाप केली, नखावर धार बघितली आणि परत ठेवून झाकण लावलं. मग थोडा वेळ त्या झाकणावर हात ठेवून बसली. त्यानंतर कार्ड बघितलं.

“अगं बया! पोरीच्या टाळूवर शिक्का हानलासा व्हय!”

साहेबांनी वर बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. मी पुढे झाले आणि चाचांकडून करून घेतलेला मूळचा अख्खा फोटो हौसाबाईच्या हातात ठेवला. पोर, टोपरं, पदर, मागे बाजार, सगळं त्यात होतं. तिने तो पेटीत, कात्रीच्या वर ठेवला.

त्या कामातून मी एवढंच शिकले की माणसाचा चेहरा नीट यायला हवा असेल तर त्याच्या हातांना काम द्यावं. चेहरा मग स्वतःचं बघून घेतो. हे मी मॅडमना सांगितलं, आणि ती चूक झाली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला एकवीस सरपंचांच्या फोटोंची फाइल दिली. त्यांच्या हातात काय द्यावं, ते मला अजून सुचलेलं नाही.