हेडफोर्सची बचावपटू

"गोल करायला मला कधी आवडलंच नाही, दुसऱ्याचा होऊ घातलेला गोल बिघडवायला आवडतं," असं वेंदेला ग्रान एकदा म्हणाली होती. रेडिओवाल्याने तिच्यापुढे माईक धरला होता आणि तिच्या नडगीवरून रक्त ओघळत होतं. रेडिओवाला हसला. त्याला वाटलं, ही गंमत करतेय. कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या सीव नोर्लांदरला हसू आलं नाही. वेंदेला गंमत करत नाही हे तिला ठाऊक होतं. आणि ती एवढं लांब वाक्य बोलते तेही वर्षाकाठी एखादंच.

हेडफोर्स गावात बायकांचा फुटबॉल क्लब काढणाऱ्यांपैकी आता सीव एकटीच उरली होती. तेव्हा त्या सगळ्या कागद गिरणीत किंवा गिरणीतल्या माणसांच्या घरी राबणाऱ्या बायका. पुरुषांच्या क्लबने सांगितलं, गवतावर तुम्ही नको, गवत खराब होतं. म्हणून त्यांना मिळालं नदीकाठचं खडीचं मैदान. पडलं की गुडघ्यात खडे रुतायचे, ते रात्री सुईने काढायचे. सीव गोलमध्ये उभी राहायची. दिवसा टपाल वाटायची, संध्याकाळी त्याच हातांनी चेंडू अडवायची. पुढे हात थकले तेव्हा मुलींना शिकवू लागली.

त्या मुलींत सात वर्षांची वेंदेला आली. बाकीच्या पोरी चेंडूमागे माश्यांसारख्या घोंघावत होत्या. ही एका जागी उभी.

"खेळायचं नाही का तुला?" सीवने विचारलं.

"खेळतेय की."

"अगं, मग पळ ना!"

"चेंडू इथेच येणार आहे," वेंदेला म्हणाली. आणि तो आला.

त्या दिवसापासून ती मागेच राहिली. सोळाव्या वर्षी मोठ्या संघात आली आणि तिच्या डोळ्यांदेखत हेडफोर्सच्या बायका देशाच्या सर्वांत वरच्या गटात जाऊन पोचल्या. त्याच गावातल्या पुरुषांचा संघ तेव्हा चौथ्या गटात लोळत होता. तरी हिवाळ्यात बंदिस्त मैदानाची संध्याकाळची वेळ पुरुषांची. बायकांना ते आटोपल्यावर. गरम पाणीही त्यांनी संपवलेलं असायचं. नगरपालिकेत विचारलं की उत्तर मिळे, ही वेळ पूर्वीपासून अशीच आहे. पूर्वीपासून! जणू ती वेळ डोंगरासारखी तिथे उगवली होती आणि कुण्या माणसाने कधी कागदावर लिहिलीच नव्हती.

वेंदेला कुरकुरली नाही. व्यावसायिक खेळाडू म्हणून तिने करारावर सही केली, तिचं नाव वर्तमानपत्रात छापून आलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती म्हाताऱ्यांच्या घरी लापशी करायला, त्यांचे पाय धुवायला, मोजे चढवायला गेली. करारातून पोट भरत नव्हतं. बाहेरगावच्या सामन्यांच्या खर्चासाठी संघातल्या मुली दारोदार टॉयलेट पेपरचे गठ्ठे विकायच्या. लहानपणी ती बर्फावर ओढायच्या स्लेजवर गठ्ठे लादून हिंडली होती. राष्ट्रीय संघातून पहिला सामना खेळून आली त्या आठवड्यातही हिंडली.

"काल टीव्हीवर होतीस ती तूच ना?" एका दारात माणसाने डोळे फाडून विचारलं.

"हो. किती गठ्ठे देऊ?"

ही गोष्ट गावात हसून हसून सांगितली जाई. आमची वेंदेला, पाय जमिनीवर असलेली पोर. ती ऐकताना सीवचं तोंड दरवेळी कडू व्हायचं. पाय जमिनीवर! राष्ट्रीय संघातल्या कोणत्या पुरुषाने कुणाच्या दारात टॉयलेट पेपर विकला होता?

राष्ट्रीय संघातून ती दोनच सामने खेळली. तिसऱ्याच्या आधी वसंतात, गोठलेल्या प्लास्टिकच्या गवतावर तिचा बूट अडकला आणि गुडघा एकीकडे, मांडी एकीकडे गेली. शस्त्रक्रियेसाठी तिला रांगेत थांबावं लागलं. त्याच महिन्यात चौथ्या गटातल्या एका पुरुषाचा असाच गुडघा गेला. त्याच्या क्लबच्या ओळखीपाळखी होत्या. तो उन्हाळ्यात धावायला लागला, ती शरद संपेपर्यंत कुबड्यांवर म्हाताऱ्यांची लापशी ढवळत राहिली. पुढे ती दोन हंगाम जर्मनीत खेळली. तिथे फक्त खेळायचं होतं, बाकी काही नाही. तिथून तिने सीवला एकच पत्र पाठवलं, त्यात लिहिलं होतं की इथे पाणी गरम असतं. मग हेडफोर्स वरच्या गटातून घसरायला आलं आणि ती परत आली. कुणी बोलावलं नव्हतं. आली, मागे उभी राहिली, आणि त्या वर्षी संघ तरला.

एवढं सगळं झाल्यावर तोर्ग्नी ओस्लुंदला क्लब विकायचं सुचलं.

विकणं हा शब्द अर्थात तो वापरत नव्हता. तोर्ग्नी क्लबचा अध्यक्ष होता आणि पेशाने घरांचा दलाल. मऊ बोलणारा, समोरच्याच्या दंडाला हात लावून बोलणारा. किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरातल्या पुरुषांच्या क्लबला अचानक बायकांचा संघ हवासा झाला होता. खालपासून चढत यायची त्यांची तयारी नव्हती. हेडफोर्सने वरच्या गटातली आपली जागा त्यांना द्यावी म्हणजे झालं. नाव त्यांचं, रंग त्यांचे, मैदान दोन तासांवरचं. हेडफोर्समध्ये लहान मुलींचे संघ राहतील. मोठ्या झाल्या की त्या कुठे खेळतील, हे कुणी सांगत नव्हतं. निर्णय फेब्रुवारीतल्या वार्षिक सभेत सभासदांनी घ्यायचा होता.

त्याआधी तोर्ग्नी वेंदेलाकडे गेला. तेव्हा सीवही वेंदेलाच्या स्वयंपाकघरात बसलेली होती.

"तुला तिकडे दोन वर्षांचा करार आहे," तो म्हणाला. "पूर्ण वेळ. पहाटे उठून मोजे चढवणं बंद. फक्त सभेत दोन शब्द बोल. लोक तुझं ऐकतात."

"नको," वेंदेला म्हणाली.

"अगं, विचार तरी कर."

"केला. नको."

"तोर्ग्नी, तुझी कॉफी संपलीय," सीव म्हणाली. "आणि मी अजून ओतणार नाहीये."

तो गेल्यावर वेंदेलाने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. ती लोकांकडे काही मागायला निघाली. जानेवारीभर, काम आणि सराव सांभाळून, ती सभासदांच्या दारात उभी राहिली. यावेळी हातात गठ्ठा नव्हता. "सभेला या आणि नाही म्हणा," एवढंच तिचं मागणं. लोकांनी आत घेतलं, बूट काढायला लावले, दालचिनीचे पाव पुढे केले. सामन्यांना सॉसेज विकणारी सोल्वेइग तर तिच्या गळ्यात पडली.

"हे काय विचारणं झालं? आम्ही आहोत ना तुझ्या पाठीशी! घे, अजून एक पाव घे. किती वाळलीयस."

"येशील ना?"

"येईन म्हणजे काय! नाही म्हणेन, चांगली जोरात म्हणेन."

वेंदेला घरी येऊन सीवला म्हणाली, "सगळे आहेत."

सीव या गावात पन्नास वर्षं टपाल वाटत आली होती. इथली माणसं दारात काय म्हणतात आणि चारचौघांत काय म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. पण वेंदेलाच्या चेहऱ्यावर अशी काही उजळ निश्चिंती होती की तिला बोलवेना.

सभा शाळेच्या जेवणघरात होती. भिंतीलगतच्या टेबलावर कोळंबी आणि काकडीने सजवलेला सँडविचचा मोठा केक झाकून ठेवलेला, शेजारी कॉफीचे थर्मास. लोक येत होते, बर्फ झटकत होते, केककडे बघत होते. सुरुवातीला रीतीप्रमाणे मतं मोजायला एक माणूस नेमतात. तोर्ग्नीने सीवचं नाव सुचवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग तोर्ग्नी बोलला. मुलींचं भलं, नवा काळ, आपण अभिमानाने मागे वळून पाहू. शेवटी दंडावर हात ठेवावा तशा आवाजात म्हणाला, "आणि आपल्या वेंदेलासाठी तिकडे दोन वर्षांचा करार तयार आहे, हे सांगायला मला फार आनंद होतो."

खोटं एक अक्षर नव्हतं. करार तयार होताच. तिने तो नाकारला होता, एवढंच त्याने गाळलं.

"कुणाला काही बोलायचंय?" त्याने विचारलं.

खुर्च्या कुरकुरल्या. कुणी खोकलं. वेंदेलाने सोल्वेइगकडे पाहिलं. सोल्वेइग पर्समध्ये रुमाल शोधत होती.

"तर मग सभेची मान्यता आहे असं समजू?"

"हो," असा एक पुटपुटता आवाज सगळीकडून आला, प्रार्थनेत येतो तसा. तोर्ग्नीने लाकडी हातोडी उचलली. ती टेबलावर पडली की संपलं.

"मोजणी हवी," वेंदेला उभी राहून म्हणाली.

"अगं, सगळे हो म्हणालेच की."

"मोजा."

नियमच तसा आहे, हातोडी पडायच्या आत एकाने जरी मागितलं तरी मोजावं लागतं. तोर्ग्नीने हसून मान डोलावली. "जे बाजूने आहेत त्यांनी हात वर करा."

सीव रांगांमधून चालू लागली. हात हळूहळू वर येत होते. आधी शेजाऱ्याकडे बघायचं, मग कोपरापासून अर्धा, मग पूर्ण. ज्यांच्या दारात तिने आयुष्यभर पत्रं टाकली ते हात. ज्या मुलींना तिने बूट बांधायला शिकवलं त्यांच्या आयांचे हात. सोल्वेइगचा हात. सीव तिच्यापाशी थांबली.

"तू?"

"अगं, हळू बोल ना," सोल्वेइग लालेलाल होऊन कुजबुजली. "ऐकलंस ना, तिला करार मिळतोय. तिचं चांगलं होतंय तर आपण कशाला आडवं यायचं?"

"तिने तुझ्या घरी येऊन काय मागितलं होतं?"

"ती कधी स्वतःसाठी मागते का? म्हणून तर आपणच तिचा विचार करायला नको का?"

सीवला वाटलं, हा केक उचलून भिंतीवर मारावा. विचार करतायत म्हणे! गुडघा फाटला तेव्हा केला का विचार? गार पाण्याखाली उभी राहिली तेव्हा? हिने आयुष्यात एकदा तोंड उघडून काही मागितलं, आणि यांनी तिच्याच भल्यासाठी ते नाकारलं. आणि आता यांना बरंही वाटणार होतं. रात्री झोपताना नवऱ्याला सांगणार, पोरीचं कल्याण झालं बाई.

विरुद्ध हात मोजायला सीवला आपल्या दोन हातांची सगळी बोटंही लागली नाहीत. त्यात एक हात तिचा होता आणि एक वेंदेलाचा.

"लाज वाटू द्या," सीव तिथेच, रांगांच्या मधोमध म्हणाली. "एकेकाने तिला दारात हो म्हटलंय. तो करार तिने नको म्हणून सांगितलाय, माझ्यासमोर, याच तोर्ग्नीला! विचारा त्याला!"

कुणी विचारलं नाही. माणसं आपापल्या बुटांकडे बघत राहिली. एवढ्या मोठ्याने बोललं गेलं याचीच सगळ्यांना जास्त लाज वाटत होती.

"सीव," तोर्ग्नी मायेने म्हणाला, "चर्चेची वेळ होऊन गेली गं. कॉफी गार होतेय." आणि हातोडी पडली.

लगेच थर्मासची झाकणं उघडली. सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी मागच्या खोलीतून लाल-पांढऱ्या फुलांचा गुच्छ आणला. तो आधीच आणून ठेवलेला होता. इतकी वर्षं खेळलेल्या माणसाला निरोप देताना गुच्छ द्यायचा, मिठी मारायची, टाळ्या वाजवायच्या, ही इथली रीत. तोर्ग्नीने वेंदेलाला मिठी मारली. ती खांबासारखी उभी. त्याने गुच्छ तिच्या पुढ्यात धरला, तो तसाच त्याच्या हातात राहिला. सोल्वेइग रडत रडत टाळ्या वाजवत होती.

"दोन शब्द बोल ना, वेंदेला!" मागून कुणी ओरडलं. "कधीतरी बोल की गं!"

ती सगळ्यांकडे पाहत होती, एकेका रांगेकडे, सावकाश. सामन्यात ती अशी पाहायची तेव्हा चेंडू कुठून येणार हे तिला कळलेलं असायचं. इथे तिला काहीच कळलेलं नव्हतं. सीवने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मनात म्हणाली, बोल. एकदा यांची सालटी सोलून काढ. मी आहे.

वेंदेलाने खुंटीवरचा कोट घेतला. बटणं लावली, वरपासून खालपर्यंत. टाळ्या विरल्या, कुणी केक कापायचं थांबलं. दाराजवळच्या माणसांनी खुर्च्या सरकवून तिला वाट करून दिली. त्या वाटेने ती कुणाकडेही न बघता, एक शब्दही न बोलता बाहेर निघून गेली.