टाचण्यांची कोरी उशी

टाचण्या ओठांत धरून शिवणारी बाई दिसली, की ती घटना आजही आठवते आणि मला तिथं उभं राहवत नाही.

मी तेव्हा बालाघाटला ठाण्याचा प्रभारी होतो. रुग्णालयातून सूचना आली. भरवेलीच्या खाण कामगार वस्तीतल्या एका सुनेच्या आतड्यात टाचणी सापडली होती. आतड्याला छिद्र पडून पोटात पू झाला होता. सर्जननं तेवढा भाग कापून आतडं जोडलं, पोट धुतलं, पण विष रक्तात भिनलं होतं. "जबाब घ्यायचा तर आजच घ्या," ते म्हणाले.

तिचा भाऊ ठाण्यात येऊन बसलाच होता. "साहेब, माह्या बहिणीले सासूनंच टाचणी चारली. रोज खेकसे तिच्यावर." शेजाऱ्यांनीही त्याचीच री ओढली. सासूला बोलावलं, तर ती एकच धरून बसली, "मी दटावत होती, हौ. पण चारली नाही." कशावरून दटावत होतीस विचारलं, तर नुसती रडायला लागली. रडण्यावर मी कधी कुणाला सोडलं नाही आणि अडकवलंही नाही.

घराचा पंचनामा केला. शिलाई मशीनला टाचण्या टोचून ठेवायची एक कापडी उशी बांधलेली होती. सुबक, नवीकोरी. तिला एकही भोक नव्हतं.

"ही कुणी शिवली?"

"म्याच," सासू म्हणाली. "टाचण्या तोंडात नोको धरू म्हून."

मृत्यूपूर्व जबाब नोंदवायला नायब तहसीलदारांना घेऊन दवाखाना गाठला. नातलगांना बाहेर काढल्यावर सून बोलली. "ठसका लागला अन् टाचणी पोटात गेली. केळं खाल्लं की निंगते मन्ते, म्हून केळंच खात राह्यली."

"घरी काहून नाही सांगितलं?"

"सासूआई म्हणे, आता तोंडात टाचणी दिसली त मशीन विकून टाकीन. मले मशीन पाहिजे होती."

दुसऱ्या दिवशी ती गेली. भाऊ ठाण्याच्या पायरीवर बसून लेकरासारखा रडला. कागदावर आम्ही 'अपघात' असं लिहिलं.

नोकरीभर मी घराघरांत वैरी शोधले. त्या घरात माया होती, पण ती धाकानं बोलायची. तेव्हापासून माझ्या घरात मी कुणाला धमकी दिली नाही.

जप्त केलेली उशी न्यायला सासू आली, तेव्हा मी विचारलं, "खरंच विकणार होतीस मशीन?"

"कुठची साहेब," ती म्हणाली. "तिच्या लग्नात म्याच त आणली होती."