हिराबाईनं ओतलेली दारू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि आता माझं ऑफिस चालवणाऱ्या मुलीला तर नाहीच. आज मात्र सांगणार आहे — अगदी शेवटपर्यंत. नको तिथं विषय बदलायची सवय मला धंद्यानंच लावली, ती आज चालू देणार नाही.

पेणला रामवाडीत माझं वकिलीचं ऑफिस. धाटावच्या कारखान्यांची कामं माझ्याकडे यायची. जखमी कामगारानं भरपाई मागितली, की मालकाच्या बाजूनं उभा राहणारा मी. त्यात लाज कसली? मालकालाही वकील लागतोच. खोटा साक्षीदार मी कधी उभा केला नाही, असं फुशारकीनं सांगतही असे. मी नाही त्यातली अन् कडी लाव आतली!

काशिनाथ निडी गावचा, माझ्या एका अशिलाच्या कारखान्यातला कामगार. धाटावला यंत्राच्या पट्ट्यात त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. सुपरवायझर घाबरला, दवाखान्यात न्यायचं सोडून त्यानं काशिनाथला कुणाच्या तरी स्कूटरवर बसवून घरी पाठवलं. मग बायकोनं, हिराबाईनं, त्याला रोह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं लिहून ठेवलं — दारूचा वास येतो.

बस्स. जीव गेला नसेल आणि अपघात दारूच्या नशेमुळे झाला असेल, तर मालक भरपाईतून सुटतो. मला तेवढा वास पुरेसा होता.

पण तो वास कुठून आला, हे मला ठाऊक होतं. हो — ठाऊक होतं. साक्षीच्या दिवशी हिराबाई कोर्टाबाहेरच्या बाकावर एकटीच बसली होती. तिचा नवखा वकील अजून यायचा होता. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. काळा कोट बघून तिला वाटलं, हा आपल्यातलाच. मी कोणाचा वकील, हे तिनं विचारलं नाही. मी सांगितलं का? छे.

"तो पीत नाय, साहेब," ती म्हणाली. "रगत थांबंना, म्हणून सासऱ्याच्या बाटलीतली मीच वतली हातावर. मिठागरात पाय कापला का माजा बाप असंच करायचा."

मी मान हलवली. आत गेल्यावर तिला विचारलं, घरात दारू होती? "व्हय." दवाखान्यात नेताना नवऱ्याला वास येत होता? "व्हय, पन साहेब —" विचारलं तेवढंच सांगा, मी म्हणालो. तिचा वकील जागचा उठलासुद्धा नाही.

दावा फेटाळला गेला. इथं थांबलो तर तुम्ही म्हणाल, वकिलाचं कामच ते. म्हणून थांबत नाही.

निकालानंतर ती आवारात माझ्यापुढे आली. मला वाटलं, शिव्या देईल — दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं! तिनं नुसतं विचारलं, "साहेब, मी दारू वतली, त्यानंच घालवलं का वो सगलं?"

कळतं का तुम्हाला? मी तिला फसवलं, आणि तरीही शिकलेला माणूस खरं सांगेल, असं तिला वाटत होतं. काशिनाथही माझ्या तोंडाकडे बघत होता. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर तिनं पुढं विचारलं असतं — मग कशानं? मी घाबरलो. म्हणालो, "हो बाई. तुमचंच चुकलं."

काशिनाथ तिच्यासाठी न थांबता चालू लागला. ती मागून गेली.

निडीकडचं एक अशील मध्यंतरी सांगत होतं, काशिनाथ बायकोशी कामापुरतंही बोलत नाही. म्हणतो, बोटं कंपनीनं नेली, भाकर हिनं. आणि ती ऐकून घेते. का ऐकून घेते, ते मला माहीत आहे — तिला तसं मी सांगितलंय.

तिचं काहीही चुकलं नव्हतं. उद्या सकाळी मी निडीला जाणार आहे आणि काशिनाथच्या देखत तिला हे सांगणार आहे. दार लावून घेतलं, तर अंगणात उभा राहून सांगेन — शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.